चालक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि गाडीच्या विम्यातील सवलत

आपला प्रश्न असा आहे की, न्यूयॉर्कला राहणाऱ्या आपल्या मुलीने सुरक्षित वाहनचालनाचा कोर्स केला आणि तिच्या गाडीचा हप्ता कमी झाला; मग आपण इथे कोल्हापुरात एखाद्या मोटार ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्र जोडले, तर नूतनीकरणाच्या वेळी सूट मिळेल का, आणि एजंट ‘मिळेल’ म्हणतो ते खरे मानावे का. वाहनविम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

अशी सूट आपल्याकडे हक्काने मागता येत नाही. एजंटाला ती मिळवून देता येत असेल, तर त्याने ती कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवावी. तोंडी शब्दावर जाऊ नये. बहुतेक वेळा होते असे की, कंपनी जी सूट कोणालाही देणारच होती, तिलाच प्रमाणपत्राचे नाव चिकटवले जाते.

मुलीला सूट मिळाली तीही खरीच आहे. न्यूयॉर्क राज्यात मान्यताप्राप्त कोर्स करणाऱ्या मुख्य चालकाला हप्त्याच्या ठरावीक भागांवर ३ वर्षे १० टक्के सूट द्यावी लागते, आणि वाहतूक नियम मोडल्यामुळे नावावर चढलेल्या गुणांपैकी ४ पर्यंत गुण हिशेबातून वजा होतात. तिथे विमा कंपनी गाडीइतकीच चालकाची कुंडली पाहते: वय, अनुभव, दंड, अपघात. आपल्याकडे हप्ता प्रामुख्याने गाडीवरून ठरतो. इंजिन किती सीसीचे, गाडी किती जुनी, तिची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती आणि नोंदणी कुठली, एवढे कळले की आकडा निघतो. नोंदणीच्या बाबतीत एमएच-०९ वाल्यांचा थोडा फायदाच आहे, कारण जुन्या दरपत्रकाच्या विभागणीत पुणे-मुंबईसह ८ मोठी शहरे ‘ए’ झोनमध्ये आणि कोल्हापूर ‘बी’ झोनमध्ये येते. शिवाय मालकाच्या संमतीने वैध परवानाधारक कोणीही गाडी चालवली, तरी पॉलिसी लागू राहते. मग कोर्स आपण केला आणि गाडी पुतण्याने चालवली, तर कंपनीने सूट कशाबद्दल द्यावी?

हप्त्याचे दोन भाग वेगळे पाहावेत. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारसाठी तो ३,४१६ रुपये आहे आणि त्यात घासाघीस करायला वावच नाही. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, दर २००७ पासून खुले आहेत, त्यामुळे जी काही सूट मिळते ती याच भागात. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सदस्यत्वाची सूट ५ टक्के, पण जास्तीत जास्त २०० रुपये. एआरएआय (वाहनांची चाचणी करणारी पुण्याची संस्था) प्रमाणित चोरीरोधक यंत्राची अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. या सवलती आहेत म्हणायच्या, इतकेच.

खरी रक्कम आहे ती नो क्लेम बोनसमध्ये. एकही दावा न केल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यात वर्षागणिक क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते, आणि एक दावा केला की ती शून्यावर येते. एक हिशेब मांडून दाखवतो. समजा, मूळ ओन डॅमेज हप्ता ८,००० रुपये आहे आणि सध्या ३५ टक्के बोनस चालू आहे. राजारामपुरीच्या गल्लीत गाडी मागे घेताना बंपर खांबाला लागला आणि उद्यमनगरातील गॅरेजने ६,००० रुपयांचे बिल दिले. त्यात बंपर ४,००० आणि रंगकाम २,००० रुपये. झीरो डेप (घसारा न कापण्याची जोडसुविधा) घेतलेले नसेल, तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापून २,००० रुपये उरतात. रंगकामात साहित्याचा वाटा २५ टक्के धरून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे २५० रुपये जातात. राहिलेल्या ३,७५० मधून प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायचे सक्तीचे १,००० रुपये वजा केले की हाती २,७५० येतात. उलट, दावा केला नसता तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये वाचले असते. १८ टक्के जीएसटी धरला तर ४,२४८ रुपये. त्याच्या पुढच्या वर्षीही ५० ऐवजी २० टक्क्यांवरच समाधान मानावे लागते. असले आतबट्ट्याचे दावे मी ढिगाने पाहिले आहेत.

म्हणून कोर्सचा पैसा वसूल होतो तो इथे. असे बिल ज्यामुळे येते, ते रिव्हर्सचे आणि अंतराच्या अंदाजाचे कौशल्य शिकता येते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात हलक्या वाहनांचा कोर्स २९ तासांचा असतो, त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे, आणि तो उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. मात्र आपल्याकडे परवाना आहेच, तेव्हा एवढ्या लांब कोर्सची गरज नाही. एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडून स्वतःच्या गाडीवर उजळणी करून घ्यावी, आणि त्यात रात्रीचे वाहनचालन आवर्जून मागावे. गळीत हंगामात गगनबावडा किंवा राधानगरी रस्त्यावर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली किती उशिरा दिसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. समोरच्याचा प्रखर प्रकाश डोळ्यांवर असताना वेग आधीच कमी करायचा, ही सवय ट्रेनिंग स्कूलच्या दिवसाच्या फेऱ्यांत अंगवळणी पडत नाही.

चालवण्याच्या पद्धतीवर सूट हवीच असेल, तर जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने (विमा नियामकाने) परवानगी दिलेली ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’ ही जोडसुविधा विचारून पाहावी. मोबाइल ॲप किंवा गाडीतील यंत्र ब्रेक आणि वेग यांची नोंद ठेवते, आणि सूट प्रमाणपत्रावर नव्हे तर त्या नोंदीवर ठरते. आपले फिरणे फक्त शहरापुरते असेल, तर किलोमीटरवर आधारलेला ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ अधिक सोयीचा ठरेल.

दिवाळीपर्यंत जुनी गाडी विकून नवी घेणार असल्याचे आपण लिहिले आहे. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तेव्हा विक्रीचे कागद होताच कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते ३ वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. शोरूममध्ये विम्याचा आकडा सांगितला जाईल तेव्हा हे पत्र आधी पुढे करावे.