फॅक्टरच्या फ्रीजची किल्ली

अनेक आशीर्वाद.

हिमोफिलिया केंद्रात रुजू होते आहेस, हे वाचून बरं वाटलं. पुस्तकातलं तुला पाठ असेलच: रक्त गोठवणारं प्रथिन म्हणजे फॅक्टर; फॅक्टर ८ कमी तो हिमोफिलिया ए, ९ कमी तो बी, पातळी एक टक्क्याच्या खाली असली की तीव्र. पण एक गैरसमज पुस्तकं वाचूनही जात नाही. या मुलांचं रक्त भळाभळा वाहत नाही, ते थांबायला वेळ लागतो. कापलेल्या बोटाची धास्ती नको. धास्ती आतल्या रक्ताची. गुडघा, घोटा, कोपर, आणि डोकं.

सूज दिसण्याआधीच पेशंटला सांध्यात मुंग्या, ऊब, जडपणा जाणवतो. लहान मूल सांगत नाही, नुसतं उजव्या हाताऐवजी डाव्याने खेळणं उचलायला लागतं. आई म्हणाली, "कोपर धरलंय", की वाद घालू नकोस. मी एकदा फॅक्टर न देता एक्स-रेसाठी दोन तास थांबून राहिले. फोटोत काहीच निघालं नाही, गुडघा मात्र तोवर टरारून फुगला. डोक्याला मार लागला असेल तर आधी फॅक्टरचं इंजेक्शन, मग स्कॅन. आणि हो, फॅक्टरची पावडर विरघळवताना बाटली खळखळवायची नाही. तळहातांत हळू फिरवायची, फेस येता कामा नये.

सोबत बहीण आली असेल तर तिचीही पातळी तपासायला सांग. 'वाहक', म्हणजे दोष फक्त पुढच्या पिढीला देणाऱ्या, म्हणून बायकांना सोडून देतात आणि त्या वर्षानुवर्षं अंगावरून जाणं सोसत राहतात.

राष्ट्रीय नोंदणीचं काम तुला कारकुनी वाटेल. मलाही वाटायचं. पण पेशंट किती, वजनं किती, किती युनिटं लागली, कुणाला इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं) झाले, हे कळल्याशिवाय देशाची एकत्र खरेदी ठरत नाही, आणि एकत्र निविदेशिवाय भाव उतरत नाही. बॅच नंबर तर चुकवूच नकोस. १९८०च्या दशकात रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून (रक्तातल्या द्रवापासून) केलेल्या फॅक्टरमधून हजारोंना एचआयव्ही झाला. कुठली बाटली कुणाला गेली, हे शोधणं तेव्हा भारी पडलं.

मोठ्या केंद्रात रक्तविकारतज्ज्ञ, फिजिओ, दाताचे डॉक्टर, प्रयोगशाळा सगळं असतं. रक्तस्राव मात्र रात्री दोनला, केंद्रापासून लांब होतो. म्हणून जवळची छोटी केंद्रं, म्हणून घरच्या घरी सुई टोचायला शिकवणं.

पुढच्या पत्रात एवढंच कळव: तुमच्याकडे रात्री फॅक्टरच्या फ्रीजची किल्ली कुणाकडे असते?