घरातले तारा कासव शेतात सोडू नका

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी दिराने माझ्या मुलासाठी एका दुकानातून कासव आणले. आता त्याच्या पाठीवर उंचवटे आलेत. पशुवैद्य म्हणाले, हे तारा कासव, पाळायला बंदी आहे. पावती नाही. शेतात सोडले तर सुटका होईल का? की तुरुंग?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, सोडण्याचा विचार आधी मनातून काढा. हे कासव गोव्याचे नव्हे, कोरड्या माळरानांचे. आपल्या पावसात त्याचे हाल होतील, आणि तुम्ही पुरावा लपवलात असे दिसेल.

तुमची भीती अनाठायी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तारा कासव आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे : शिक्षा तीन ते सात वर्षे, दंड किमान २५ हजार रुपये. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि हाती आल्यापासून ४८ तासांत कळवावे लागते. ती मुदत केव्हाच गेली. स्वेच्छेने प्राणी जमा करण्याची नवी सोय आहे, पण ती मालकी प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. दुकानाची पावती असती तरी ती त्या प्रमाणपत्राच्या जागी चालली नसती.

तरीही स्वतःहून जाणे आणि धाड पडणे यांत फार फरक आहे. जामिनाच्या वेळी आणि शिक्षा ठरवताना न्यायालय तुमची वागणूक पाहते. याच आठवड्यात वकिलाला सोबत घेऊन वनखात्याला लेखी कळवा, कासव सोपवा, पोच घ्या. अर्ज वकिलाकडूनच लिहून घ्या. दिराला वाचवायला खोटे लिहू नका. एक खोटे सापडले की बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

उंचवट्यांमुळे छळाचा आरोप येईल, ही धास्ती मला तुमच्या पत्रात जाणवली. या जातीची पाठ मुळातच थोडी उंचसखल असते. वाढीच्या वयात हवा कोरडी मिळाली, एसीच्या खोलीत मिळते तशी, की ते उंचवटे वाढतात. ऊन आणि कॅल्शियम कमी पडले तर कवच मऊही होते. काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही, हवे ते अतिनील किरण काच अडवते. आलेले उंचवटे सपाट होत नाहीत, नवी वाढ मात्र सुधारते. म्हणून पशुवैद्यांकडून कवचाची अवस्था, आजवरचा आहार आणि राहण्याची जागा लिहून घ्या. तो कागद तुमच्या बाजूचा आहे, आणि कासवाला पुढे सांभाळणाऱ्यांनाही लागेल.

तोवर भात, पोळी, अंडे बंद. गवत, जास्वंदीची पाने द्या, सकाळी थेट ऊन आणि शेजारी सावली ठेवा. मुलाचे कासवासोबतचे फोटो, दिराचे मेसेज, काहीही पुसू नका.