नव्या सोसायटीत राहायला आलोय, ओळखीचं कोणी नाही. आजूबाजूच्या लोकांशी जोडून राहायला कोणतं अ‍ॅप घ्यावं?

वेगळं काही घेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपच पुरे. सेक्रेटरींना किंवा वॉचमनला विचारा, सोसायटीचा ग्रुप असतोच. त्यात पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी सुरू होणार हे कळतं. गुड मॉर्निंगची फुलं फुकट.

खरी अडचण तीच. आमच्याकडे टँकरचा मेसेज त्या फुलांखाली गाडला गेला आणि अर्धी विंग कोरडी राहिली. मग व्हॉट्सअ‍ॅपवरच कम्युनिटी केली, म्हणजे एका छताखाली अनेक ग्रुप. २०२२ साली आलेली ही सोय आहे: घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिन लिहितात, गप्पा, भिशी, गणपतीची वर्गणी यांचे ग्रुप निराळे. गप्पांचा म्यूट करा, घोषणांचा चुकूनही नको. साध्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, एवढं लक्षात असू द्या. कोणीही उठून कुठल्याही ग्रुपात टाकू नये म्हणून सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत ‘ग्रुप्स’पुढे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा.

मुंबईत लोकलने जात असाल तर एम-इंडिकेटर हे अ‍ॅपही ठेवा. गाडी कुठे अडकलीय, हे त्यातल्या चॅटवर प्रवासीच सांगतात.

आणि ग्रुपात पहिला मेसेज टाकताना नावाबरोबर फ्लॅट नंबर लिहा. आमच्याकडे तीन कुलकर्णी आहेत.