खासगी वैमानिकांनी फॉर्मेशनमध्ये, म्हणजे एकमेकांना धरून जवळजवळ, उडताना सुरक्षेचे नियम कसे ठरवावेत? तीन मित्र आहोत, किती मीटर अंतर ठेवावं?

अंतराचं नंतर बघू. पुढचा दिसेनासा झाला तर मागच्यानं काय करायचं, याचं उत्तर तिघांचं एकच येत नसेल तर विमानं हँगरमध्येच बरी.

एवढं तावातावानं लिहितोय कारण याच प्रश्नावरून धुळ्यातल्या एका वैमानिक मित्राशी माझी जुनी मैत्री तुटली. दोन सेसना १७२, तापीवर शेजारी-शेजारी, घरच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी शूटिंग असा बेत. लीडर म्हणजे पुढचा तो, विंगमन म्हणजे त्याला धरून उडणारा मी. गोंदूरच्या विमानतळावर विमानाजवळच विचारलं, "जॉइन-अपच्या, म्हणजे तुझ्याजवळ येऊन जुळण्याच्या, वळणात तू पंखाआड गेलास तर मी कुणीकडे फुटायचं, म्हणजे वळून दूर व्हायचं?" सेसनाचा पंख डोक्यावर असतो, वळाल त्या बाजूचा खाली येतो आणि ज्याच्याकडे जायचं तोच झाकला जातो. हा म्हणे, "कसाले घाबरस भो? आभाय कितलं मोठं शे!" मी हेडसेट पिशवीत टाकून घरी आलो. तो दुसऱ्याला घेऊन उडाला, सुखरूप उतरला, आणि तेव्हापासून प्रत्येक भरीत पार्टीत मी भित्रा. "काही झालं का?" नाही झालं. न बघता हायवे ओलांडणाराही बहुतेक वेळा पोचतोच. त्या व्हिडिओत मात्र काचेवर मोबाईल धरलेल्या हाताचं प्रतिबिंब दिसतं, आणि तो हात मागच्या पायलटचा आहे!

त्याचा दुसरा मुद्दा लॉगबुकातल्या तासांचा, म्हणजे आपला अनुभव भरपूर आहे. पण ते तास सगळे एकट्यानं उडवलेले. ८ जून १९६६ ला कॅलिफोर्नियात इंजिन कंपनीच्या फोटोसाठी पाच विमानं जवळजवळ उडत होती. एक्स-१५ हे रॉकेट विमान उडवलेल्या जो वॉकरचं एफ-१०४ लढाऊ विमान शेजारच्या एक्सबी-७० या बॉम्बफेकी विमानाला धडकलं, दोघं गेले. वॉकरहून जास्त तास आपल्यात कुणाचे?

अमेरिकेत खासगी वैमानिकांच्या संघटनांनी मिळून फॉर्मेशनसाठी 'फास्ट' नावाची पद्धत बसवली आहे, ती बघा. विंगमनचं कार्ड (पात्रतेचा दाखला) वेगळं, लीडरचं वेगळं. विंगमनची नजर लीडरवरून हलत नाही. रस्ता, रेडिओ, बाकीचं ट्रॅफिक लीडरनं बघायचं. दिसेनासा झाला की लगेच रेडिओवर सांगून तो शेवटचा दिसला त्याच्या उलट बाजूला फुटायचं. वेग जास्त झाला तर त्याच्या खालच्या पातळीवर राहून, त्याला नजरेत ठेवून बाहेर पडायचं. त्याच्याकडे विमानाचं पोट करून वळायचं नाही. 'ब्रेक आउट', म्हणजे मी बाहेर पडतोय, असं कुणीही म्हणावं आणि उतरल्यावर त्याची टिंगल करू नये. माझ्या मते हा सगळ्यात मोठा नियम, पण आमच्याकडे तो कुणाला पटत नाही.

अंतराचं म्हणाल तर नियंत्रित हवाई हद्दीत लीडरपासून आडवं १ किलोमीटर आणि उभं ३० मीटर याच्या आत राहा, असं आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट २ सांगतं. ही लांबची मर्यादा झाली. जवळ किती यायचं ते शिकवणारा ठरवेल. हे वाचून ठरवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी खानदेशात तर नकोच, रान तापलं की विमान एका जागी ठरत नाही.

आणि हो, विमान क्लबचं असेल तर क्लबची लेखी परवानगी घ्या, विमा कंपनीला विचारा, जळगावच्या बाजूला जाणार असाल तर एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रणाशी) आधी बोला. तिघांपैकी एकाला ब्रीफिंगचा कंटाळा असेल तर दोघंच उडा.