सही करण्याआधी

प्रिय,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, ‘काका, सेफ्टी कमिटीतून नाव मागे घेऊ का?’ तेव्हाच उत्तर दिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या. अर्ध्या तुला, अर्ध्या मला. म्हणून दोन दिवस थांबलो.

नाव मागे घेऊ नकोस. पण मीटिंगच्या नोंदींच्या, म्हणजे मिनिट्सच्या वहीत सहीही करू नकोस. आधी शीक, मग सही कर. एचआरवाले म्हणतात तुझं इंडक्शन झालंय, व्हिडिओ बघितल्याची सही रजिस्टरला आहे, आता वेगळं ट्रेनिंग कशाला? अरे, तो अर्ध्या तासाचा व्हिडिओ हेल्मेट कसं घालायचं याचा. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, छातीवर बॅज लावून शपथ घेतो, ती झाली की वर्षभराची सेफ्टी संपली, असं मानणाऱ्यांतले ते. प्लेटिंगच्या टँकमध्ये काय आहे, हवा कुठून कुठे जाते, तपासणीचा रिपोर्ट कसा वाचायचा, यातलं काही त्या व्हिडिओत नाही. तुलाही हे कळतं, म्हणून तर झोप उडाली तुझी.

आता माझं ऐक. मी १९९९ मध्ये कामगारांच्या बाजूने कमिटीत गेलो. तुझ्यासारखंच क्रोम प्लेटिंग, धातूवर क्रोमचा मुलामा. दर तीन महिन्यांनी मीटिंग, चहा, खारी आणि ती वही. वहीत एक ओळ ठरलेली, ‘प्लेटिंग लाइनचा एक्झॉस्ट चालू आहे.’ खाली माझी सही. खोटं नव्हतं रे! पंख्याची घरघर कँटीनपर्यंत ऐकू यायची.

टँकवर माझा एक दोस्त होता. त्याचा घोळणा सारखा फुटायचा. आम्ही म्हणायचो, उष्णता आहे, दूर्वांचा रस सोड नाकात. तो डब्यात कांदा घेऊन यायचा, फोडून हुंगायचा आणि पुन्हा जिग, म्हणजे माल टांगायची चौकट, उचलायचा. चार वर्षं आम्ही त्याच्यावर कांद्याचे विनोद केले.

२००३ मध्ये मला दोन दिवस शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, मी चौदा महिने मागे लागलो तेव्हा. पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस पकडून दादर, तिथून लोकल. तिथे एका सरांनी बोटाएवढी काचेची नळी दाखवली. टोकं मोडली, रबरी फुगा दाबला की पांढरा धूर येतो. सर म्हणाले, पंख्याचा आवाज ऐकू नका, धूर कुठे जातो ते बघा. एवढंच. दोन दिवसांतलं बाकी बरंचसं विसरलो, हे एक विसरलो नाही.

परत आलो आणि तिसऱ्या शिफ्टला ती नळी टँकच्या काठाच्या फटीजवळ धरली. धूर आडवा होऊन फटीत ओढला जायला हवा होता. तो सरळ वर आला, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीला. सकाळी डक्ट, म्हणजे हवा ओढून नेणारा पाइप, उघडला. वळणावर क्रोमचा लालभडक थर गुळाच्या ढेपेसारखा बसलेला, जेमतेम दोन बोटं जाईल एवढी वाट शिल्लक. पंखा फिरत होता, ओढत काहीच नव्हता. नंतर दोस्ताला नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलेलं. क्रोमिक ॲसिडचे तुषार वर्षानुवर्षं नाकात गेले की पडदा झिजत जातो, आणि बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. वही काढून मोजलं. माझ्या सोळा सह्या.

तू विचारशील, काका, त्याआधी तीन वर्षं गप्प का बसलात? करार अडला होता. आमचे पुढारी म्हणाले, आत्ता ट्रेनिंगबिनिंग काढू नको, आधी पगारवाढ पदरात पडू दे. मुलगी दहावीला होती. आणि मला वाटायचं, मॅनेजर इंजिनियर आहे, त्याला कळत असणारच. त्यालाही कळत नव्हतं, हे मला आज माहीत आहे. मी भित्रा नव्हतो. स्ट्राइकमध्ये गेटवर सगळ्यात पुढे असायचो. पण पगारासाठी भांडायला जे धैर्य लागतं, त्यापेक्षा ‘मला हे समजत नाही, मला शिकवा’ म्हणायला जास्त लागतं, निदान मला तरी लागलं. असो. तुझ्या पत्रात माझीच कैफियत नको.

आता कायद्याचं. भोपाळनंतर सरकारला जाग आली आणि १९८७ मध्ये कारखाने कायद्यात नवी कलमं घातली. ४१-जी मध्ये धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सेफ्टी कमिटी, कामगार आणि व्यवस्थापन यांचे निम्मे निम्मे प्रतिनिधी. कायद्यात धोकादायक प्रक्रियेच्या २९ उद्योगांची यादी होती, तिच्यात इलेक्ट्रोप्लेटिंग होतं. आणि १११-ए मध्ये प्रत्येक कामगाराला हक्क, की शक्य असेल तिथे कारखान्यात प्रशिक्षण मिळावं, नाहीतर मालकाने मान्यताप्राप्त संस्थेत पाठवावं. मी चौदा महिने ह्याच कलमाचा झेरॉक्स खिशात घेऊन फिरलो. ‘शक्य असेल तिथे’ या तीन शब्दांत किती मालक आरामात झोपले, ते विचारू नकोस.

तुझ्या वेळेला मामला बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता लागू झाली. तिच्या कलम १४ मध्ये कामगाराच्या हक्कांत माहिती मागण्याचा हक्क आहे, कमिटीच्या सदस्यामार्फत तक्रार मांडायचाही आहे. प्रशिक्षणाचा हक्क मात्र त्या कलमात नाही. प्रशिक्षण आहे ते कलम ६ मध्ये, मालकाच्या कर्तव्यांत. म्हणजे आता ‘माझा हक्क’ म्हणून नाही, ‘तुमचं कर्तव्य’ म्हणून मागायचं. मला हा बदल आवडलेला नाही. माझा भाचा मेलबर्नला आहे, तोही असाच कामगारांचा प्रतिनिधी. तिथे सुरुवातीला पाच दिवसांचा कोर्स, पुढे दरवर्षी उजळणी, पगार चालू, आणि हे सगळं कायद्यात लिहिलेलं. फोनवर त्याने सांगितलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प होतो.

तर अर्ज लिही. सुपरवायझरला तोंडी सांगू नकोस. तो ‘बघतो’ म्हणेल आणि खरंच नुसता बघत राहील. फॅक्टरी मॅनेजरच्या नावाने, तीन प्रती. कुठला कोर्स, कुठे, किती दिवस ते लिही. ते दिवस ड्यूटीवर धरावेत, हेही लिही, रजा टाकून जाऊ नकोस. एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घे. महिनाभरात उत्तर नाही आलं तर एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे ऑफिसला. उत्पादन सोडून फिरायला बघतो, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू दे. तोपर्यंत मीटिंगला जा, चहा पी, ऐक, आणि वही पुढे आली की लिही, ‘प्रशिक्षण मिळालेले नाही, म्हणून या मुद्द्यावर मत देता येत नाही.’ तेवढ्याच वाक्याखाली सही कर. इतर कशाखालीही नाही. शिकल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

रविवारी अर्जाचा मसुदा घेऊन घरी ये, तुझी काकू थालीपीठ लावणार आहे. माझ्याकडे धुराच्या नळ्यांचा एक जुना डबा पडलाय, पण त्या आता गेल्या असतील. उदबत्तीनेही हवेचा ओढा कळतो. फक्त थिनरच्या ड्रमजवळ पेटवू नकोस, आणि आधी सुपरवायझरला सांग.

तुझा,
काका