एक एकर गहाण ठेवून ट्रायल?

ताई, माया पोराले लहानपणापासून रातांधळेपणा आहे, आता वय तेवीस. डॉक्टरनं आरपी सांगितलं, इलाज नाही म्हणाले. दिवस बुडाला का वावरातून एकट्यानं घरी येता येत नाही. मागच्या पोळ्याले बैलाच्या दोरीत पाय अडकून पडला. आता एक ओळखीचा माणूस म्हणते का मोठ्या शहरात स्टेम सेलची ट्रायल चालू आहे. दोन्ही डोळ्यात इंजेक्शन देतात, दोन लाख ऐंशी हजार लागतात, जागा थोड्याच उरल्या. आमचे मालक एक एकर गहाण ठेवायले तयार आहेत. पाठवावं का?
– एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

बाई, आधी ते गहाणखत थांबवा, मग पुढचं वाचा.

ग्रामीण रुग्णालयात लोकांचे डोळे तपासण्यात माझी २६ वर्षं गेली, आणि माझ्या धाकट्या भावाला तुमच्या मुलाचाच आजार आहे, आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. म्हणून जरा खडसावून लिहिते, राग मानू नका. ट्रायल म्हणजे नव्या इलाजाची चाचणी, आणि स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. चाचणीतलं इंजेक्शन आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे पेशंटनं द्यायचे नसतात. बहुतेक ठिकाणी उलट गाडीभाडं तेच देतात. जो पैसे मागतो तो दुकान चालवतो, नाव काहीही देवो. आणि 'जागा थोड्याच उरल्या' हे तर बियाण्याच्या एजंटाचं बोलणं झालं.

दोन्ही डोळे ऐकून तर माझ्या अंगावर काटाच आला. खऱ्या चाचणीत सुरुवातीला एकाच डोळ्याला हात लावतात, तोही बहुधा जास्त अधू असलेल्या. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २०१५ साली तीन बायकांनी, वयं ७२ ते ८८, प्रत्येकी ५,००० डॉलर भरून पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचून घेतल्या. त्यांचा आजार वेगळा, म्हातारपणात नजरेचा मधला भाग जातो तो. आठवड्याभरात डोळे बिघडले आणि तिघींची नजर कायमची गेली किंवा जवळजवळ गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी हे सगळं छापून जगापुढे मांडलं. त्या प्रयोगाचं नाव तिथल्या सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेलं होतं, म्हणून ती खरी चाचणी आहे असं वाटून गेलेली बाईही त्यांच्यात होती. तेव्हा नुसती नोंद पाहून भुलू नका. आपल्याकडे प्रत्येक चाचणी सीटीआरआय या नोंदवहीत घालणं २००९ पासून सक्तीचं आहे आणि ती मोबाइलवर फुकट पाहता येते. त्या माणसाला नंबर विचारा. तो नसेल तर विषय तिथंच संपला. असेल तर औषध नियंत्रकाची परवानगी आहे का आणि कोणत्या नैतिकता समितीनं मान्यता दिली, हे पुढं विचारा. स्टेम सेलचे २०१७ चे राष्ट्रीय नियम स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर मंजूर चाचणीबाहेर हा इलाज करायचा नाही.

आता खऱ्या चाचणीबद्दल. या आजारात दृष्टिपटलावरच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, उजेड टिपणाऱ्या पेशी मरत जातात. कमी उजेडात काम करणाऱ्या आधी, म्हणून रात्र आधी जाते, मग कडेकडेची नजर, आणि शेवटी नळीतून पाहावं तसं उरतं. पेशींचा इलाज दोन वाटांनी करून पाहतात, आणि दोन्ही तुमच्या वावरातच सापडतील. कापसात झाड मेलं की आपण नांग्या भरतो, तशी मेलेल्या पेशींच्या जागी नवी पेशी बसवायची, ही एक वाट. दुसरीत नवी पेशी स्वतः पाहत नाही, तिच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यानं उरलेली झाडं तग धरतील का, एवढंच बघायचं असतं. दोन्ही अजून प्रयोगातच आहेत. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं ते औषध जनुकाचं. ते आरपीई६५ या एकाच जनुकातल्या बिघाडावर चालतं, आणि दोन्ही डोळ्यांचे तिथं साडेआठ लाख डॉलर लागत. हा आजार मात्र कितीतरी जनुकांतल्या बिघाडानं होतो. म्हणून पोराच्या रक्ताची जनुकतपासणी आधी करा. तुम्ही दोघं नात्यातले असाल, मामेबहीण-आतेभाऊ वगैरे, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा. त्यात तुमचा काही दोष नाही.

माझ्या भावाला तीन वर्षांपूर्वी एका चाचणीच्या तपासणीला नेलं होतं. माहितीपत्रक मराठीत होतं, १९ पानी, मीच त्याला वाचून दाखवलं. अकराव्या पानावर होतं की उपचार सुरक्षित आहे का हे पाहणं हा मुख्य उद्देश, आपल्याला फायदा होईलच असं नाही. तो हसला. म्हणाला, "म्हणजे पेरायचं आपण, पीक पुढच्याचं." तरी सही करायला तयार झाला. मग डोळ्याच्या स्कॅनमध्ये दिसलं की उजेड टिपणारा थर उरलाच नाही, आणि त्याला नाही म्हणून सांगितलं. पंधरा दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. जणू ते मीच ठरवलं होतं.

घेतलं असतं, तरी पुढचं सोपं नव्हतं. अशा चाचणीत वर्षभर, कधी त्याहून जास्त, ठरल्या तारखेला हजर राहावं लागतं. तारीख सोयाबीन काढणीत आली तर सोबत कोण जाणार, हे घरात आधीच बोलून ठेवा. काही चाचण्यांत परक्या पेशी शरीरानं झिडकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या असतात. त्या चालू असताना साधा तापही अंगावर काढायचा नाही. आणि एकीत गेलेल्याला पुढच्या चांगल्या चाचणीत घेत नाहीत असंही होतं. चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे, मधूनच सोडून येण्याचीही मुभा आहे. सही केलेल्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

तोवर एक काम करून घ्या, दिव्यांग प्रमाणपत्राचं. समोरचं वाचता येतं म्हणून पुष्कळ आरपीवाले अर्जच करत नाहीत. पण २०१६ च्या कायद्यात नजरेचा घेरही मोजतात, ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. जिल्हा रुग्णालयात घेराची तपासणी मागून घ्या.

तुमच्या पत्रात तुम्ही आहात, मालक आहेत, तो ओळखीचा माणूस आहे. पोरगं काय म्हणतं ते कुठंच नाही. तेवीस वर्षांचा आहे तो, कुठल्याही खऱ्या चाचणीत सही त्याचीच लागेल. हे उत्तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. पुढचं पत्र त्यानं सांगावं, तुम्ही लिहावं, आणि मधे आपलं काही घालू नये.