पावणेदोनला आलेला तुझा मेसेज

अरे,

तुझा मेसेज सकाळी बघितला. रात्री पावणेदोनला पाठवलायस आणि खाली लिहिलंयस की मॅडम तुम्ही झोपला असाल, उत्तराची घाई नाही. घाई नसलेला माणूस पावणेदोनला एवढं लांबलचक लिहीत नाही रे. मी दोनदा वाचला, चहा गार झाला, मग फोन हातात घेतला आणि परत ठेवला, कारण फोनवर तू "नाही नाही, चाललंय ठीक" म्हणून विषय बदलशील, तुला मी वीस वर्षं ओळखते, अकाउंट्समध्ये माझ्या हाताखाली होतास तेव्हापासून. म्हणून लिहितेय.

एका मेसेजमध्ये किती गोष्टी घातल्यास. आयटीतला तुझा प्रोजेक्ट संपला आणि सहा आठवडे बेंचवर आहेस, म्हणजे नोकरी आहे पण हाताला काम नाही, एचआरचा बोलण्याचा टोन बदललाय, वाकडच्या फ्लॅटचं लोन अजून पंचेचाळीस लाख बाकी आहे, लिंक्डइन उघडलं की छातीत धडधडतं, आणि तुझ्याबरोबरचा कोणी शेअर बाजारातल्या ऑप्शन्समधून महिन्याला पगाराएवढे काढतो तर आपणही थोडं करून बघावं का. आणि अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं, "घरी अजून काही बोललो नाहीये." मी तिथेच अडकले. बाकीच्याचं बघू, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना उत्तर आहे, पण सगळं या शेवटच्या ओळीपासून सुरू करावं लागेल.

तुला माझ्या वडिलांचं कधी सांगितलं नसेन. १९८२च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते, तुझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठे. साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. मी तेव्हा बारावीला. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, सगळ्यांना वाटत होतं दोन-तीन महिन्यांत मिटेल, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही कधी, हळूहळू गिरण्याच बंद पडत गेल्या. आमच्या लालबागच्या खोलीत ओट्याशेजारी कालनिर्णय लटकलेलं असायचं, आई त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहायची, जसा सगळ्यांकडे लिहितात. मार्चपासून तिने त्याच पानावर बाकीचंही लिहायला घेतलं. वाण्याचे इतके, भाडं दोन महिन्यांचं राहिलंय, मामाकडून आणलेले दोनशे, माझ्या परीक्षेची फी. वडील चिडले, म्हणाले आल्या-गेल्याला दिसतं. आई म्हणाली, आल्या-गेल्याच्या घरी पण हेच चाललंय, आपल्या पोरांना तर दिसू दे.

मला त्या पानाने काय दिलं ते सांगते. भीती कमी झाली. अठरा वर्षांच्या मुलीला घरात काहीतरी बिनसलंय हे कळतंच, कितपत बिनसलंय ते कळत नाही, आणि मग ती रात्रभर वाट्टेल ते डोक्यात आणते. आकडा दिसल्यावर तेवढंच राहिलं, जेवढं पानावर होतं. माझा भाऊ सातवीत होता, त्याने त्या वर्षी सहलीचे पैसे मागितलेच नाहीत, हे बरं झालं की वाईट ते मला अजून ठरवता येत नाही. पण आमच्या घरात रात्रीची कुजबुज नव्हती.

आणि हे सगळं डोळ्यांनी बघूनही २००९मध्ये माझ्यावर वेळ आली तेव्हा मी अगदी उलटं केलं. तू तोवर नोकरी बदलून पुण्याला गेला होतास. कंपनीने प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला आणि अकाउंट्सच्या आम्हा सहा जणांना एका दुपारी बोलावून हिशोब हातात दिला. मी पंचेचाळीस वर्षांची. घरी सांगितलं नाही. रोज साडेआठला डबा घेऊन निघायचे आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पेपर वाचत बसायचे, वाचत कसली, नुसती बसायचे. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी सासूबाईंनी डबा घासायला घेतला, उघडून बघितला तर भाजी जशीच्या तशी, सलग तिसऱ्या दिवशी. काही ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तब्येत की नोकरी?" मी ओट्याला धरून रडले. त्या रात्री आम्ही नवरा-बायको कागद घेऊन बसलो आणि त्या एकोणीस दिवसांत मी डोक्यात जे उभं केलं होतं, घर विकायला लागेल, मुलाचं इंजिनीअरिंग सुटेल, त्यातलं निम्मं कागदावर उतरलंच नाही. नवऱ्याने एवढंच विचारलं की एकोणीस दिवस एकटी का बसलीस. त्याचं उत्तर आजही माझ्याकडे नाहीये.

म्हणून आज संध्याकाळी बायकोला सांग. मुलगी झोपल्यावर, टीव्ही बंद करून. "सगळं ठीक होईल" वगैरे प्रस्तावना नको, सरळ सांग की सहा आठवडे बेंचवर आहे, नोकरी जाऊ शकते. ती शाळेत शिकवते, महिन्याचं घर तीच चालवते, तिला तुझ्यापेक्षा जास्त आकडे पाठ असतील. आणि हेही सांग की ही तुझ्या एकट्याची गोष्ट नाही. २०२५च्या जुलैमध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं, ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या लेव्हलचेच. तू कुठे कमी पडलास म्हणून हे होतंय असं जे तू तीन ठिकाणी लिहिलंयस ते मला मान्य नाही.

मग कागद घ्या. एक्सेल नको, कागद. महिन्याला घराला नक्की किती लागतात? हप्ता, शाळा, किराणा, पेट्रोल, सोसायटी मेंटेनन्स, साताऱ्याला आई-वडिलांना पाठवतोस ते. बाहेर जेवणं, ओटीटी, दर दीड वर्षाने बदलणारा फोन हे वेगळ्या बाजूला. समजा पहिल्या बाजूची बेरीज ८५ हजार आली, तर सहा महिन्यांचे झाले ५ लाख १० हजार. एवढे पैसे आधी एफडीत बाजूला पडले पाहिजेत, आणि दोन बँकांत ठेव, कारण एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्याच ठेवीला विमा असतो. हे होईपर्यंत लोन लवकर फेडायचा विचार डोक्यातून काढ. मला माहितीये तुला ते पंचेचाळीस लाख टोचतात. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ३१,८७५ होतं, ४० हजारांच्या हप्त्यातून मुद्दल फिटतं फक्त ८,१२५, हे बघून कोणालाही वाटेल की असेल नसेल ते भरून टाकावं. पण भरलेले पैसे नोकरी गेल्यावर बँक परत देत नाही. फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या व्याजाचं होम लोन आहे, आधी फेडलं म्हणून दंड लागत नाही, तर दोन वर्षांनी भर ना, पळून जातंय का ते.

एक काम मात्र याच आठवड्यात कर, लोनचं स्टेटमेंट काढून किती महिने उरलेत ते बघ. तू लोन घेतलंस २०२१ला, स्वस्त रेटला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा खूप जणांचा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली गेली आणि त्यांना पत्ता नाही. पुढे २०२५मध्ये रेट खाली आला. तुझ्या लोनमध्ये काय झालंय ते बघायला हवं. हप्ता वाढवायचा की मुदत हे रेट बदलताना कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्येच बँकांना सांगितलंय, तेव्हा विचारायला लाजू नकोस.

पीएफला हात लावायचा नाही. २०२४-२५साठी सव्वाआठ टक्के व्याज दिलंय, एवढं सुरक्षित ठिकाणी दुसरीकडे कुठे मिळणार? जुन्या कंपन्यांची खाती एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या तुझ्या एकाच कायमच्या नंबराखाली आलीत का ते फक्त तपास. आणि मेडिक्लेम! तुझ्या मेसेजमध्ये हा शब्दच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. तुला बीपीची गोळी सुरू झालीये, स्वतःची पॉलिसी घेशील तेव्हा आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं, म्हणजे ते घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. बीपी लपवून फॉर्म भरू नकोस. वैयक्तिक हेल्थ आणि लाइफ पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झालाय. हा खर्च कागदाच्या पहिल्या बाजूला.

ऑप्शन्सबद्दल मी लांबण लावत नाही. नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब बाहेर काढला तेव्हा एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, ट्रेड करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुझ्या मित्राचा नफ्याचा स्क्रीनशॉट बघितलास, वर्षाचं टॅक्स रिटर्न बघितलंस का? आणि घाबरलेल्या माणसाने, घरच्यांना न सांगता, रात्री जागून पैसे लावायचे, याच्याइतकी वाईट सुरुवात मला सुचत नाही. एवढं ऐक माझं.

आता फोन. तू लिहिलंयस की ज्युनियर होते ते डायरेक्टर झाले, शाळेच्या ग्रुपवर कोणी दुबईहून फोटो टाकतं, आणि मग रात्री एक-एक वाजेपर्यंत बोट खाली खाली जात राहतं. आमच्या काळी असं नव्हतं असं मी म्हणणार नाही. चाळीत भरपूर तुलना होती, कोणाकडे टीव्ही आला, कोणाची मुलगी पहिली आली, सगळ्या गॅलरीला माहीत. पण चाळीत दुसऱ्याचं सगळंच दिसायचं. कोणाचा स्टोव्ह आज पेटला नाही, कोण रात्री ओरडत आलं, कोण गावाकडे पैसे मागायला गेलं, हेही त्याच गॅलरीत दिसायचं. संपात तर प्रत्येक दारात तेच होतं, त्यामुळे स्वतःची लाज वाटायला जागाच उरली नाही. तुझ्या हातातल्या त्या गॅलरीत फक्त टीव्ही आलेला दिसतो. सहा आठवडे बेंचवर बसलेला तुझ्यासारखाच कोणीतरी आत्ता तुझा जुना प्रमोशनचा फोटो बघून जागा असेल, असं खरंच मला वाटतं.

लिंक्डइन फोनमधून काढ, अकाउंट बंद करू नकोस, लॅपटॉपवर सकाळी अकरा ते बारा उघड, कामासाठी. पोस्ट वाचायच्या नाहीत, लोकांना लिहायचं. ज्यांच्याबरोबर तू खरोखर काम केलंयस अशी वीस नावं काढ आणि एकेकाला वेगळा मेसेज कर, सगळ्यांना एकच चिकटवायचा नाही. आणि रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. अलार्मसाठी लागतो म्हणशील, तर दीडशे-दोनशे रुपयांचं घड्याळ आण.

आणि त्या लोकांना लिहिणार काय? इथे तू स्वतःला फार कमी समजतोस. मेसेजमध्ये म्हणतोस, "मला आता येतं तरी काय, मीटिंगा घेणं." मला २००७चा मार्च एंड आठवतोय, बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आपली वही बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवताना, १८,००० चा फरक होता आणि सगळे कंटाळून घरी गेले. तू नुकताच बीकॉम होऊन आलेला, म्हणालास मॅडम, नऊने भाग जातोय, म्हणजे आकड्यांची अदलाबदल असणार. मीच कधीतरी शिकवलेलं, मीच विसरले होते. रात्री अकराला तू ती एंट्री शोधलीस, १,८६,५४० चे १,६८,५४० झाले होते, आणि वहीवर पेन्सिलने गोल करून माझ्यासमोर ठेवलीस. तेव्हाचा तुझा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. लेजर आणि माल जुळत नाही तेव्हा नेमकं कुठे बघायचं हे तुला कळतं, आणि वर सॅपही येतं, कंपन्या हिशोब आणि माल ज्यावर ठेवतात ते सॉफ्टवेअर. चाकण-भोसरीच्या मधल्या साइजच्या कंपन्यांना अशी माणसं लागतात, ज्या जुन्या सॅपवर आहेत त्यांचा नेहमीचा सपोर्ट २०२७अखेर संपतोय, त्यांना नव्या सिस्टीमवर जायचंय, आणि नुसता सिस्टीमवाला किंवा नुसता अकाउंटंट तिथे पुरत नाही. पगार कमी मिळेल, डिलिव्हरी मॅनेजर हे नाव मिळणार नाही. ते परवडतं का हे तो पहिल्या बाजूचा आकडा सांगेल, म्हणून तो आधी.

वडिलांचंही तसंच झालं. आठ महिने ते दुसरं काही करायलाच तयार नव्हते, मी साचेवाला आहे म्हणायचे. मग भिवंडीला पॉवरलूमवर गेले, लूम चालवायचं कामच ते, पगार निम्मा, ना पीएफ ना बोनस. मला त्याचे गोडवे गायचे नाहीत, त्यांच्यावर अन्याय झाला होता आणि तो शेवटपर्यंत त्यांना सलत होता. मी २००९ नंतर वागळे इस्टेटमधल्या चार छोट्या वर्कशॉपची बँक रिकन्सिलिएशन आणि टीडीएस रिटर्न घरी बसून करायला लागले, पहिल्या वर्षी महिन्याला अठरा हजार सुटायचे, आधीच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. त्यातलं एक वर्कशॉप अजून माझ्याकडे आहे.

रविवारी दोघंही या, मुलीला घेऊन. येताना लोनचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक आणि कंपनीच्या मेडिक्लेमचा कागद प्रिंट काढून आण, मोबाईलवर दाखवू नकोस, मला पेनाने खुणा करायच्या आहेत. जेवायलाच या, साधी आमटी-भात करते. आणि आज रात्री बायकोशी बोलून झालं की मला फक्त "बोललो" एवढं टाक, कितीही वाजलेले असू दे, मी जागी आहे.

तुझी,
मॅडम